फेस आणि भूगर्भांतील तेल

पपईच्या पानाचा पोकळ देठ घेऊन साबणाच्या पाण्याचे फुगे सोडण्याचा खेळ आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं बालपणीं खेळला असेल. फुगा क्षणभर इंद्रधनुष्याचे रंग दाखवितो आणि फुटून जातो. म्हणूनच क्षणभंगुर वस्तूस बुडबुड्याची उपमा देण्याचा प्रघात पडला आहे. परंतु याच बुडबुड्यांकडून पृथ्वीच्या पोटांत हजारों फूट खोल एक अवघड काम करून घेण्याचा उद्योग शास्त्रज्ञांनीं गेलीं साठांहून अधिक वर्षें चालविला आहे. तें काम म्हणजे खडकांत अडकून राहिलेलें खनिज तेल बाहेर ढकलणें. हें कसें घडतें, आणि तो फेस टिकावा म्हणून त्यांत पॉलिमर नांवाचीं द्रव्यें कां मिसळतात, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय यंत्रशास्त्राचा दिसला तरी त्याचे मूळ नियम स्वयंपाकघरांत व शेतांत पाहतां येण्यासारखे आहेत. तेव्हां विद्यार्थ्यांनीं बिचकूं नये.

प्रथम एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. वर्गांत 'तेलाची विहीर' हे शब्द उच्चारतांच पुष्कळ मुलांच्या डोळ्यांपुढें जमिनीखालीं तेलानें भरलेलें एखादें तळें उभें राहतें. तसें तळें तेथें नसतें. तेल असतें तें खडकाच्या छिद्रांत. एक कोरडी वीट तोलून पाण्यांत बुडवा. तिच्यांतून बारीक बुडबुडे निघतील, आणि थोड्या वेळानें बाहेर काढून पुन्हा तोललीत तर ती जड भरेल. जें पाणी विटेंत शिरलें तें तिच्या छिद्रांत सामावलें. तेलाचे खडक असेच असतात. त्यांत वालुकाश्म व चुनखडी हे मुख्य. चांगल्या खडकांत घनफळाच्या शेंकडा दहापासून तीसपर्यंत भाग छिद्रांचा असतो. पण एकेक छिद्र बहुधा डोक्याच्या केसाहूनहि बारीक असतें. अशा असंख्य सूक्ष्म कोठड्यांत तेल कोंडलेलें आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

अमेरिकेंत पेन्सिल्व्हानिया प्रांतीं टायटसव्हिल येथें १८५९ सालीं ड्रेक यानें सुमारें सत्तर फूट खोल विहीर पाडून तेल काढलें, तेव्हांपासून अर्वाचीन तेलधंद्याचा आरंभ मानतात. आपल्या देशांत आसामांतील दिग्बोई येथें १८८९ सालीं तेल लागलें. आणि मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर समुद्रतळाखालच्या चुनखडींत १९७४ सालीं तेल सांपडून १९७६ पासून तें निघूं लागलें. तें क्षेत्र पूर्वीं बॉम्बे हाय व आतां मुंबई हाय या नांवानें प्रसिद्ध आहे.

नव्या विहिरींतून तेल आपल्याच दाबानें वर येतें. पुढें दाब उतरतो. मग शेजारच्या विहिरींतून पाणी आंत घालून तेलास मागून रेटतात. असें करून सुद्धां, जगांतील क्षेत्रांची सरासरी पाहिली तर, खडकांतील एकूण तेलाचा सुमारें एकतृतीयांश भागच हातीं लागतो. दोनतृतीयांश तेल जेथल्या तेथें राहतें. तें कोठें आहे हें ठाऊक आहे, तेथपर्यंत विहिरी खणलेल्या आहेत, नळ घातलेले आहेत. आणि तरी तें येत नाहीं! एका विद्यार्थ्यानें आम्हांस सहज विचारलें, "गुरुजी, मग पंपाचा जोर कां वाढवीत नाहींत?" प्रश्न चांगला होता. त्याचें उत्तर हाच या लेखाचा विषय होय.

तेल मागें राहण्याचीं कारणें मुख्यतः तीन आहेत. पहिलें असें कीं, छिद्रें अति बारीक असल्यामुळें तेलाचे थेंब त्यांच्या अरुंद मानांत अडकून बसतात. पृष्ठताणामुळें थेंब आपला गोल आकार सोडण्यास नाखूष असतो. दुसरें असें कीं, खडकाचे सर्व थर सारखे नसतात. एका थराचीं छिद्रें मोठीं, तर दुसऱ्याचीं लहान. फ्रान्समधील दिझों शहराच्या पाणीपुरवठ्याचें काम पाहणाऱ्या हेन्री डार्सी यानें १८५६ सालीं वाळूंतून पाणी वाहण्याचा नियम प्रसिद्ध केला. दाब तोच असला तरी ज्या थरांतून वाहणें सोपें त्यांतून अधिक द्रव जातो, आणि द्रव जितका दाट तितका तो सावकाश जातो, हें त्या नियमावरून कळतें. तिसरें कारण यांतूनच निघतें. तेल ढकलण्यासाठीं पाण्याऐवजीं नैसर्गिक वायु, नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड वापरला, तर कांहीं बाबतींत तो पाण्याहून सरस ठरतो. विशेषतः कार्बन डायऑक्साइड तेलांत मिसळून त्यास पातळ करतो. परंतु वायु फार पातळ. आपल्या श्वासांतील हवेचा दाटपणा पाण्याच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतकाच आहे. पातळ पदार्थ दाट पदार्थास मागून रेटूं लागला म्हणजे त्याची आघाडी सरळ रेषेंत राहत नाहीं. तीस बोटांसारखे फांटे फुटतात, आणि तीं बोटें तेलास बगल देऊन थेट दुसऱ्या विहिरीपर्यंत पोंचतात. शिवाय वायु हलका असल्यामुळें थराच्या माथ्याकडे चढतो व खालचें तेल तसेंच राहतें.

शेतकऱ्याच्या मुलास हें सांगावें लागणार नाहीं. वाफ्यांना पाणी देत असतां पाटाच्या बांधास उंदराचें बीळ लागलें, तर सगळें पाणी त्या बिळांतून निघून जातें व वाफे कोरडे राहतात. अशा वेळीं शाहणा शेतकरी मोट अधिक जोरानें हांकीत नाहीं. मोटेचा जोर वाढवावा तों बिळांतून जाणारें पाणीच वाढतें. तो प्रथम बीळ बुजवितो. तेलाच्या खडकांतहि जोर वाढवून भागत नाहीं. सोपी वाट अडविली पाहिजे. पण हजारों फूट खोल, डोळ्यांना न दिसणाऱ्या खडकांत, कोणतें बीळ बुजवावयाचें हें कोण दाखविणार? बुजविणारा पदार्थच असा हवा कीं, त्यानें आपली जागा आपण शोधावी. फेस तसा पदार्थ आहे.

वायूसाठीं फेस वापरावा ही कल्पना बाँड व हॉलब्रुक या दोघांनीं अमेरिकेंत मिळविलेल्या १९५८ सालच्या पेटंटांत मांडलेली आहे. आणि तेथील सरकारी खाणखात्यांतील फ्राइड यानें १९६१ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध करून फेसामुळें वायूचा वेग किती मंदावतो हें दाखविलें. खडकांतील फेस हा घागरींतील ताकावरच्या फेसासारखा सलग नसतो. प्रत्येक छिद्राच्या मानेंत पाण्याचा एकेक पातळ पापुद्रा आडवा ताणलेला असतो, जणूं कोठडीच्या दारास लाविलेला पडदा. वायूस पुढें जावयाचें तर प्रत्येक पडदा ताणून, ढकलून किंवा फोडून जावें लागतें. एका पडद्याचा प्रतिकार क्षुल्लक. पण असे असंख्य पडदे ओळीनें आले म्हणजे तोच वायु दाट द्रवासारखा संथ चालूं लागतो. त्याचा चालण्याचा वेग कित्येक पटींनीं, कधीं शेंकडों पटींनींहि, उतरतो.

हे पापुद्रे नुसत्या पाण्याचे होत नाहींत. त्यासाठीं फेसकारी द्रव्य लागतें. अशा द्रव्याच्या रेणूस दोन टोंकें असतात. एकास पाणी प्रिय, दुसऱ्यास तेल वा हवा प्रिय. म्हणून ते रेणु पाण्याच्या पृष्ठभागीं येऊन दाटी करतात व पृष्ठताण कमी करतात. पाण्याच्या पृष्ठभागाचें हें शास्त्र ज्या प्रयोगांवर उभें आहे त्यांतील कांहीं महत्त्वाचे प्रयोग आग्नेस पोकेल्स या जर्मन स्त्रीनें घरच्या स्वयंपाकघरांत, साध्या उपकरणांनीं केले होते. तिनें आपलीं निरीक्षणें लॉर्ड रॅली यांस पत्रानें कळविलीं, आणि त्यांनीं तें पत्र १८९१ सालीं 'नेचर' या शास्त्रीय पत्रांत छापविलें. प्रयोगशाळा नाहीं म्हणून हात जोडून बसणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण विसरूं नये. असो. तेलक्षेत्रांत आपला अंगाचा साबण मात्र चालत नाहीं. खाऱ्या विहिरीच्या पाण्यांत साबणास फेस येत नाहीं हें घरोघरीं ठाऊक आहे. आणि खडकांतील पाणी बहुधा त्याहूनहि खारें असतें. तेथें सल्फोनेट जातीचीं, खारास टिकणारीं द्रव्यें घेतात.

आतां फेस आपली जागा आपण कशी शोधतो तें पाहूं. मोठ्या छिद्रांत पापुद्रा अधिक सुखानें टिकतो; अति लहान छिद्रांत खडक त्यांतील पाणी शोषून घेतो व पापुद्रा लवकर फुटतो. म्हणून जो थर सैल, म्हणजे जेथून वायु निसटण्याची भीति अधिक, तेथेंच फेस दाट होतो. ही त्याची पहिली हुशारी. दुसरी हुशारी गुऱ्हाळांत पाहावी. काहिलींतील उसाचा रस फेसाळून उतूं जाऊं लागला म्हणजे गुळव्या त्यांत एरंडेलाचे दोन-चार थेंब टाकतो, आणि फेस झटकन् खालीं बसतो. तेल हें पुष्कळ फेसांचें वैरी आहे. तें पापुद्र्यावर पसरून त्यास विदीर्ण करतें. याचा अर्थ असा कीं, खडकांत ज्या वाटेचें तेल निघून गेलें आहे तेथें फेस टिकतो व वायूस अडवितो. जेथें तेल भरपूर आहे तेथें तो फुटतो व वायूस वाट देतो. कोरडी वाट बंद, तेलाची वाट मोकळी! याहून सोयीची गोष्ट कोणती?

परंतु या सोयींतच संकट आहे. वायूनें धुतलेल्या वाटेंतहि तेलाचे तुरळक थेंब चिकटून राहतात. तेवढ्यानेंच फेस मोडला, तर अडविणार कोण? त्यांत भर म्हणजे फेसास आपले घरचे रोग आहेतच. पापुद्र्यांतील पाणी हळूहळू ओघळून तो पातळ होत जातो. फुटण्यापूर्वीं साबणाचा फुगा माथ्याशीं काळसर दिसतो, तेव्हां तेथील जाडी केसाच्या हजाराव्या हिश्श्याहूनहि कमी असते. दुसरें, लहान बुडबुड्यांतील हवेवर दाब अधिक असल्यामुळें ती पापुद्र्यांतून झिरपून मोठ्या बुडबुड्यांत जाते, आणि लहान नाहींसे होऊन मोठे अधिक मोठे होतात. भूगर्भांतील उष्णतेनें हे दोन्ही रोग बळावतात. आणि फेसास तर एका विहिरीपासून दुसरीपर्यंत शेंकडों फूट वाट चालावयाची असते. तीस महिने लागतात.

येथें पॉलिमर उपयोगीं पडतें. पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारचे हजारों-लाखों लहान दुवे जोडून झालेला, सांखळीसारखा लांबच लांब रेणु. डिंक, भेंडीचा बुळबुळीत रस, भाताची पेज यांच्या दाटपणाचें कारण असेच रेणु होत. तेलक्षेत्रांत दोन पॉलिमरें विशेष प्रसिद्ध आहेत. एक कारखान्यांत बनविलेलें पॉलिॲक्रिलमाइड, व दुसरें झँथन डिंक. हा डिंक कोबीवर रोग पाडणाऱ्या एका जातीच्या जंतूंकडून तयार करवून घेतात. तो खाण्याच्या पदार्थांतहि घालतात. आपल्या राजस्थानांतील गवारीच्या बियांचा डिंकहि तेलविहिरींच्या दुसऱ्या कामांसाठीं परदेशीं जातो. लिटरभर पाण्यांत असें द्रव्य एक-दोन ग्रॅम विरघळविलें तरी पाण्याचा दाटपणा पुष्कळ पटींनीं वाढतो. मग पापुद्र्यांतील पाणी लवकर ओघळत नाहीं. पापुद्रा अधिक काळ जाड राहतो. त्यांतून वायु झिरपणेंहि मंदावतें. आणि तेलाच्या थेंबास त्यांत शिरून पसरण्यास वेळ लागतो. अमेरिकेंतील तेलसंशोधक सायडान्स्क यानें १९९४ सालीं अशा पॉलिमरयुक्त फेसाचे प्रयोग विस्तारानें प्रसिद्ध केले, आणि साध्या फेसापेक्षां तो अधिक टिकाऊ व अधिक प्रतिकार करणारा असतो असें दाखविलें.

विद्यार्थ्यांनीं हें स्वतः करून पाहावें. रिठे भिजवून त्यांचें पाणी गाळून घ्या व तें दोन सारख्या बाटल्यांत अर्धें अर्धें ओता. भेंडीचे तुकडे रात्रभर पाण्यांत ठेवून निघालेला बुळबुळीत रस एका बाटलींत घाला. दुसरींत तितकेंच साधें पाणी घाला. बुचें लावून दोन्ही बाटल्या सारख्याच वेळां, समजा तीस वेळां, हालवा आणि घड्याळ समोर ठेवून फेसाची उंची दर पांच मिनिटांनीं टिपून ठेवा. साध्या बाटलीच्या तळाशीं पाणी भराभर उतरूं लागतें. रसाच्या बाटलींत तें सावकाश उतरतें. आम्हीं हा प्रयोग वर्गांत केला तेव्हां मात्र मुलांनीं आणखी एक गोष्ट बरोबर हेरली. रसाच्या बाटलींत आरंभीं फेस कमी उठला होता! शेवटीं दोहोंत गोड्या तेलाचे पांच-पांच थेंब टाका आणि कोणता फेस अधिक वेळ तग धरतो तें पाहून लिहून काढा.

मुलांनीं हेरलेली ती गोष्ट किरकोळ नव्हे. तीच या विद्येंतील खरी अडचण आहे. पाणी दाट झालें म्हणजे जुना पापुद्रा टिकतो खरा, पण नवा पापुद्रा तयार करण्यास अधिक जोर लागतो. दाट मिश्रण विहिरींतून आंत घालण्यासहि अधिक दाब लागतो. आणि दाब मर्यादेबाहेर गेला तर खडक तडकून नवीनच बीळ पडावयाचें! पॉलिमरचेहि दोष आहेत. पॉलिॲक्रिलमाइडच्या सांखळीवर सारख्या जातीचे विद्युद्भार असल्यामुळें ते एकमेकांस दूर सारतात व सांखळी पसरलेली राहते. खाऱ्या पाण्यांत तो जोर झांकला जाऊन सांखळी आकसते व दाटपणा उतरतो. जोराच्या घुसळणीनें ती तुटते, फार उष्णतेंत बिघडते. झँथन खारास चांगलें टिकतें, पण जंतु त्यास खातात. शिवाय कांहीं पॉलिमर खडकाच्या अंगासच चिकटून वायां जातें. म्हणून अमुक द्रव्य सर्वत्र उत्तम असें म्हणतां येत नाहीं. प्रत्येक क्षेत्राचें पाणी, उष्णता, खडक व तेल तपासून मगच प्रमाण ठरवावें लागतें. 'जास्त घातलें कीं जास्त गुण' हा नियम जसा औषधांत नाहीं, तसा येथेंहि नाहीं.

प्रयोगशाळेबाहेर या विद्येची परीक्षा झाली आहे काय? झाली आहे. नॉर्वेच्या पश्चिमेस उत्तर समुद्रांत स्नोरे नांवाचें क्षेत्र आहे. तेथें आळीपाळीनें पाणी व वायु घालून तेल काढीत असतां वायु लवकर निसटूं लागला. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें पाण्यांत फेसकारी द्रव्य मिसळून मोठ्या प्रमाणावर प्रयोग करण्यांत आले. एका विहिरीच्या जोडींत वायूचें आगमन लांबलें व तो खडकांत अधिक काळ राहिला. सर्व ठिकाणीं सारखें यश मात्र आलें नाहीं. हा साध्या फेसाचा दाखला झाला. अमेरिकेंत कोलोरॅडो प्रांतीं रँगेली येथें १९८६ पासून कार्बन डायऑक्साइड घालून तेल काढीत होते. तेथें खडकाच्या भेगांतून वायु निसटे. त्या भेगांसाठीं केवळ पॉलिमरयुक्त फेसहि अपुरा. म्हणून पॉलिमरच्या सांखळ्या एकमेकींस जोडून खरवसासारखा थिजणारा फेस आंत सोडण्यांत आला. त्याचा वृत्तांत १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. फेसाचा बराच भाग वायूच असल्यामुळें थोड्या द्रव्यांत मोठी भेग भरतां येते, हा त्यांतील काटकसरीचा लाभ.

आतां एक प्रश्न उरतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तेल जाळल्यानें हवेंत कार्बन डायऑक्साइड वाढतो व पृथ्वी तापते, हें आज शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. मग उरलेलें तेल काढण्याच्या युक्त्या शिकाव्या तरी कशाला? आम्हांस असें वाटतें कीं, दोन्ही बाजू तोलून पाहिल्या पाहिजेत. आपल्या देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक भाग परदेशांतून येतो. जोंपर्यंत तेलावांचून चालत नाहीं, तोंपर्यंत नवीं अरण्यें व नवे समुद्रकिनारे पोखरण्यापेक्षां, खणलेल्या विहिरींतूनच दोन घांस अधिक मिळविणें बरें. ढकलण्यासाठीं आंत घातलेल्या कार्बन डायऑक्साइडचा कांहीं भाग खडकांतच राहतो, आणि फेसामुळें तो निसटण्याचें मान कमी होतें. तो वायु पुढें केवळ पुरून ठेवण्याच्या कामींहि ही विद्या उपयोगीं पडण्याजोगी आहे. परंतु वर आलेलें तेल जळल्यावर पुन्हा तोच वायु हवेंत जातो, हेंहि विसरतां कामा नये. अधिक तेल काढतां येतें, एवढ्यावरून अधिक तेल उधळण्याचा परवाना कोणास मिळत नाहीं.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. पंपाचा जोर वाढविला तर ज्यास आधींच वाट सोपी आहे तोच वायु अधिक पळतो, आणि जें तेल मागें राहिलें तें मागेंच राहतें. पळणाऱ्यास आंवरावें, म्हणजे तोच जोर मागें राहिलेल्यांच्या कामीं येतो. हें आंवरण्याचें काम लोखंडाच्या झडपांनीं साधत नाहीं, तें केसाहून पातळ पापुद्रे करतात. आणि त्या पापुद्र्यांस धीर देते ती पेजेंतल्यासारखी एक सांखळी. पुढच्या वेळीं पपईच्या देठानें फुगा सोडाल तेव्हां तो किती वेळ टिकतो हें घड्याळ लावून मोजा. नंतर साबणाच्या पाण्यांत थोडा डिंक विरघळवून पुन्हा मोजा, आणि दोन्ही आंकडे वहींत लिहून आमच्याकडे आणा.